काम येतं पण इंटरव्ह्यूत सिलेक्शन होत नाही, मग तयारी नक्की कशाची करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की सहा वर्षांचा अनुभव आहे, काम चांगलं येतं, रेझ्युमे शॉर्टलिस्ट होतो, एचआरची पहिली फेरी पण पार पडते आणि पॅनलसमोर गेलं की मात्र "आम्ही कळवतो" एवढंच ऐकू येतं, असं ओळीने तीन ठिकाणी झालं. आता तीन आठवड्यांनी चौथा इंटरव्ह्यू आहे, तुम्ही दोनशे प्रश्नोत्तरांची एक पीडीएफ पाठ करायला घेतलीय आणि ती पुरेल का असं विचारताय.

नाही पुरणार. का नाही ते जरा सविस्तर सांगते, कारण काम उत्तम येणारे पण पॅनलसमोर अडकणारे उमेदवार मी खूप बघितलेत आणि अशा माणसाला नाही म्हणताना खरंच वाईट वाटतं. मी सतरा वर्षं पॅनलवर बसतेय, आधी फक्त माझ्या डिपार्टमेंटसाठी बसायचे, नंतर नवीन मुलाखत घेणाऱ्यांना शिकवायचं काम पण माझ्याकडे आलं. त्यामुळे तुम्ही खोलीतून बाहेर पडल्यावर आत काय होतं ते आधी सांगते, बाकीची तयारी त्यावरूनच ठरते.

आमच्या प्रत्येकासमोर एक फॉर्म असतो. त्यात पाच-सहा गोष्टी लिहिलेल्या असतात, समजा विषयाचं ज्ञान, अडचण सोडवायची पद्धत, लोकांबरोबर काम करणं, जबाबदारी घेणं वगैरे. प्रत्येकीपुढे १ ते ५ मार्क आणि त्याच्या शेजारी एक रिकामा रकाना, "कशावरून?". तुम्ही गेलात की आम्ही पहिली काही मिनिटं एकमेकांशी बोलत नाही, ज्याने त्याने आपापले मार्क भरायचे आणि मग तुलना करायची. आता समजा जबाबदारी घेण्याला मी ४ दिलेत आणि शेजारच्याने २, तर तो मला विचारणारच की ४ कशावरून, आणि माझ्या रकान्यात "छान बोलले, मेहनती वाटले" एवढंच असेल तर माझे ४ टिकत नाहीत, खाली येतात. त्याउलट "सप्लायर अचानक बंद पडला तेव्हा स्वतः दोन पर्याय शोधले, एक दिवस उशीर होणार हे कस्टमरला आधीच कळवलं" असं लिहिलेलं असेल तर त्यावर कोणी वाद घालत नाही. म्हणजे तुम्ही त्या चर्चेला हजर नसता, तुमच्या वतीने तो रकाना बोलत असतो. पीडीएफमधल्या उत्तरांनी तो भरत नाही, कारण "मी टीम प्लेयर आहे, मला चॅलेंजेस आवडतात" यात लिहून घेण्यासारखं काही नसतं.

सगळीकडे इतकं शिस्तीत होतं असं नाही, अजूनही बरेच जण गप्पा मारून मत बनवतात. पण मोठ्या ठिकाणी फॉर्मची पद्धत रुळली आहे आणि त्यामागे कारण आहे. डॅनियल कानेमन, ज्यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते विशीत असताना इस्रायली सैन्यात होते आणि भरतीच्या मुलाखती सुधारायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. तोपर्यंत मुलाखत घेणारे पंधरा-वीस मिनिटं इकडचं तिकडचं बोलून एकूण मत द्यायचे आणि ते मत पुढच्या कामगिरीशी जवळजवळ जुळायचंच नाही. कानेमननी सहा गुण ठरवले, प्रत्येकासाठी ठरलेले प्रश्न, तेही माणसाने आजवर प्रत्यक्ष काय केलं याबद्दलचे, आणि एका गुणाचे मार्क देऊन झाल्यावरच पुढच्याकडे जायचं. एवढ्याने अंदाज आधीपेक्षा बराच सुधारला.

पुढे यावर ढीगभर संशोधन झालं. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर या दोघांनी ८५ वर्षांचे अभ्यास एकत्र करून निवडीची कुठली पद्धत पुढच्या कामाचा किती अंदाज देते हे काढलं, ज्यात ० म्हणजे काहीच संबंध नाही आणि १ म्हणजे तंतोतंत. ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत ०.५१, मोकळ्या गप्पांची ०.३८ आणि नुसती अनुभवाची वर्षं फक्त ०.१८. २०२२ मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच हिशोब जास्त काटेकोरपणे केला तेव्हा बरेचसे आकडे खाली आले, पण ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत ०.४२ वर सगळ्यात वर राहिली. तुमच्यासाठी यातली मुख्य गोष्ट ती ०.१८ ची आहे. तुम्ही सहा वर्षांचा अनुभव हा सगळ्यात भक्कम मुद्दा म्हणून धरून बसलाय, आणि पॅनल विचारतंय की त्या सहा वर्षांत केलंत काय.

तर पहिला आठवडा प्रसंग शोधण्यात घालवा. जाहिरात प्रिंट करा, त्यात कामाबद्दल जे जे लिहिलंय त्याखाली रेघ मारा, म्हणजे "समन्वय साधणे", "वेळेत डिलिव्हरी", "ज्युनियर्सना मार्गदर्शन" असलं सगळं. पॅनलचा फॉर्म बहुतेक वेळा याच शब्दांवरून बनतो, मी स्वतः असेच बनवलेत. मग गेल्या तीन वर्षांचे मेल, कॅलेंडर, रिपोर्ट उघडून बसा, कारण आठवणीवर सोडलं तर फक्त शेवटचे सहा महिने आठवतात. काय शोधायचं? काहीतरी बिघडलं आणि तुम्ही सावरलं. साहेबांशी पटलं नाही आणि तरी काम पुढे नेलं. अजिबात न येणारी गोष्ट घाईत शिकावी लागली. कोणाला तरी शिकवून तयार केलं. तुमची स्वतःची चूक झाली. माहिती अर्धवट असताना निर्णय घ्यावा लागला. असे आठ प्रसंग निघाले तरी खूप झाले, आठ प्रसंगांत साठ प्रश्न भागतात, कारण एकच प्रसंग कधी वेळेच्या नियोजनाला लागू पडतो, कधी वाद मिटवण्याला. एक तक्ता करा, उभे प्रसंग, आडव्या जाहिरातीतल्या अपेक्षा, जिथे जुळतं तिथे टिक. ज्या अपेक्षेखाली एकही टिक नाही तिथे तुमची कमी बाजू आहे आणि ती तुम्हाला पॅनलच्या आधी कळलेली बरी. (जुन्या कंपनीच्या क्लायंटची नावं, आतले आकडे वगैरे मात्र सांगू नका. जो तिथलं इथे सांगतो तो उद्या इथलं तिथे सांगेल हे आम्हाला लगेच दिसतं.)

आता प्रसंग सांगायचा कसा. स्टार पद्धत तुम्ही ऐकली असेल, परिस्थिती, तुमच्यावर असलेलं काम, तुम्ही केलेली कृती आणि निकाल. पद्धत चांगली आहे, पण नव्वद टक्के उमेदवार परिस्थितीतच दोन मिनिटं घालवतात, कंपनी केवढी, डिपार्टमेंट कसं, साहेब कोण, आणि कृतीवर आले की "मग आम्ही ते सॉल्व्ह केलं" म्हणून मोकळे होतात, मी पेन हातात धरून बसलेली असते आणि लिहायला काही मिळत नाही. दोन मिनिटं बोलणार असाल तर परिस्थिती वीस सेकंदांत उरका, सव्वा मिनिट फक्त तुम्ही काय केलं आणि तेच का केलं यावर द्या, उरलेल्या वेळात काय झालं आणि त्यातून पुढे काय बदललं ते.

उदाहरण देते. एक उमेदवार स्टोअर सांभाळायचे. पहिल्यांदा विचारलं तर म्हणाले, "मी स्टॉक मॅनेजमेंट बघायचो, तफावत कमी केली." बरं. मी खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं ते असं, की दर महिन्याच्या मोजणीत माल कमी भरायचा आणि सगळ्यांचा संशय चोरीवर होता. यांनी सलग चार दिवस संध्याकाळी थांबून एकाच रॅकची मोजणी केली आणि त्यांच्या लक्षात आलं की परत आलेला माल रॅकवर लगेच जातो पण त्याची एंट्री दुसऱ्या दिवशी होते, कधी होतच नाही. मग त्यांनी परतीच्या मालासाठी वेगळी जागा ठरवली, एंट्री झाल्याशिवाय तिथून हलवायचा नाही असा नियम केला, रात्रपाळीवाले ऐकेनात म्हणून दोन रात्री स्वतः त्यांच्याबरोबर थांबले. तिसऱ्या महिन्यात मोजणी जुळली. बघा, तोच माणूस, तेच काम, पण दुसऱ्या सांगण्यात मला चार रकाने भरता आले. आणि मी खोदलं म्हणून ते बाहेर आलं. दिवसाचा सातवा इंटरव्ह्यू असेल, वेळ संपत आलेली असेल तर कोणी खोदत बसत नाही, त्यामुळे ते आधीच वर आणून ठेवणं तुमच्या हातात आहे.

इथे आपल्या मराठी बोलण्यातली एक सवय आड येते, त्याबद्दल थोडं जास्त लिहिते. आपण "मी केलं" म्हणायला लाजतो. "आम्ही केलं", "ते करून घेतलं", "ते झालं मग व्यवस्थित", असं बोलतो, आणि घरात, मित्रांत ते शोभूनही दिसतं, मोठेपणा मिरवणारा माणूस आपल्याला आवडत नाही. पण पॅनलला "आम्ही" मधला तुमचा वाटा दिसत नाही. "ते झालं" मध्ये तर कर्ताच नाही! आणि इंग्रजीत इंटरव्ह्यू दिला तरी ही सवय बरोबर येते. यावर उपाय म्हणजे श्रेय वाटून द्या पण वाटा स्पष्ट सांगा, "टीम चार जणांची होती, टेस्टिंग दुसऱ्या दोघांनी केलं, क्लायंटशी बोलणं आणि वेळापत्रक मी बघत होते." यात बढाई नाही, हे खरं आहे, आणि ज्यांनी काम केलं त्यांचं नाव पण राहिलं. याच्या उलट टोकाचे, प्रत्येक वाक्यात मी मी करणारे पण येतात, त्यांना "यात दुसऱ्या कोणाची मदत झाली?" एवढं विचारलं की समजतं.

आकडे असतील तर सांगा, नसतील तर बनवू नका. "चाळीस टक्के वाढ" म्हणालात की आमच्यातला एकजण हमखास विचारतो, कशाच्या चाळीस टक्के, कसं मोजलं, आणि तिथे अडखळलात की आधी सांगितलेल्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही जातो. आकडा नसेल तर आधी आणि नंतर सांगा, "आधी रोज दोन-तीन तक्रारीचे फोन यायचे, नंतर आठवड्यात एखादा". हे पण चालतं, उत्तम चालतं.

दुसरा आठवडा बोलण्याचा. मनात वाचून तयारी झाल्यासारखी वाटते पण तोंडातून निघत नाही, आणि हे तुमच्या एकट्याचं होत नाही. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा एक प्रयोग आहे, काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणून पीडीएफ दहाव्यांदा वाचण्यापेक्षा कागद उलटा ठेवा, प्रश्न मोठ्याने विचारा आणि उभं राहून मोठ्याने उत्तर द्या, फोनवर रेकॉर्ड करा, ऐका. स्वतःचा आवाज ऐकायला नको वाटतं पहिल्या दोन वेळा, ऐकाच. शब्दन्‌शब्द पाठ मात्र करू नका, कारण पाठ केलेल्यातला एक शब्द निसटला की पुढचं सगळं कोसळतं आणि तुम्ही म्हणताय तसं ब्लँक होतं, ते बहुतेक याचमुळे झालं असणार. प्रत्येक प्रसंगाचे चार-पाच टप्पे लक्षात ठेवा, मधली वाक्यं दरवेळी वेगळी झाली तरी चालतील. आणि तिसऱ्या आठवड्यात एक तरी मॉक, म्हणजे सरावाचा इंटरव्ह्यू, अशा माणसाबरोबर करा जो तुमच्या कामातला नाही, त्याला कळलं तर पॅनलमधल्या एचआरलाही कळेल.

"स्वतःबद्दल सांगा" याला तुम्ही शाळेपासून सुरुवात करता असं लिहिलंय, ते बंद करा. रेझ्युमे समोर असतोच. दीड मिनिट, आत्ता काय काम करता, इथपर्यंत येताना कुठलं एक-दोन काम महत्त्वाचं ठरलं, आणि ही जागा का हवीय. शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात. या प्रश्नाचा खरा उपयोग असा की तुम्ही ज्याचा उल्लेख कराल त्यावरच पुढचा प्रश्न येतो, तेव्हा तुमच्या आठांपैकी सगळ्यात भक्कम प्रसंगाचं नाव इथेच घ्या.

कमजोरी, चूक, नोकरीतला गॅप, काढून टाकलं असेल तर ते, हे सगळं खरं आणि थोडक्यात. "मी परफेक्शनिस्ट आहे" हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकलंय, त्याने काहीच कळत नाही. खरी पण दुरुस्त होत असलेली गोष्ट सांगा आणि दुरुस्तीसाठी काय करताय ते सांगा. गॅप असेल तर एका वाक्यात कारण, एका वाक्यात आता पूर्ण वेळ तयार आहे हे, आणि थांबा, स्पष्टीकरण लांबलं की उगाच शंका येते. जुन्या साहेबांबद्दल वाईट बोलू नका, अगदी ते खरंच वाईट असले तरी, कारण पॅनलला फक्त एक बाजू दिसते आणि ती बाजू तक्रारीची असते.

येत नसेल तर "हे मी वापरलेलं नाही, पण याच्याजवळचं अमुक वापरलंय, त्यावरून मी अशी सुरुवात करेन" असं म्हणून मोठ्याने विचार करा. प्रश्न नीट कळला नाही तर परत विचारा. उत्तरापूर्वी दहा सेकंद शांत बसलात तर तुम्हाला ते दहा मिनिटांसारखं वाटतं, आम्हाला तो विचार करणारा माणूस दिसतो.

टेस्टबद्दल थोडं. अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट वेळेची असते, ज्ञानाची कमी, त्यामुळे सराव घड्याळ लावूनच करा आणि निगेटिव्ह मार्किंग आहे का ते सूचनांमध्ये आधी वाचा. स्वभावाच्या टेस्टमध्ये कंपनीला काय आवडेल याचा अंदाज घेत बसू नका, तोच प्रश्न फिरवून परत विचारलेला असतो आणि उत्तरं एकमेकांशी भांडायला लागतात. घरी करायचं असाइनमेंट दिलं तर त्यात एआय वापरलेलं चालेल का हे मेल करून विचारा, आणि वापरलं असेल तर सांगा, कारण पुढच्या फेरीत त्याच कामावर तुम्हाला ओळ न ओळ विचारणार. ग्रुप डिस्कशनमध्ये सगळ्यात जास्त बोलणाऱ्याला सगळ्यात जास्त मार्क मिळतात हा गैरसमज आहे. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने १९४२ पासून अधिकारी निवडायला वापरली, गटाला नेता न नेमता काम द्यायचं आणि कोण कसं वागतं ते बघायचं, आणि आजही बघायचं तेच असतं, दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेतो का, गप्प बसलेल्याला बोलायला लावतो का, वेळ संपताना गाडी निष्कर्षावर आणतो का. व्हिडिओ इंटरव्ह्यू असेल तर उजेड समोरून, नजर कॅमेऱ्यावर, आणि स्क्रीनवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचू नका, डोळे फिरताना दिसतात.

हात थरथरतात म्हणालात. शांत हो, शांत हो असं स्वतःला सांगून फार फरक पडत नाही, कारण धडधडणारं शरीर एकदम शांत होत नाही. अ‍ॅलिसन वूड ब्रूक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांमध्ये भाषणाआधी "मी उत्सुक आहे" असं मोठ्याने म्हणणारे लोक "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलं बोलले. धडधड तीच, तिला नाव वेगळं. मी माझ्या भाचीला हे सांगितलं होतं, ती अजूनही जिन्यात म्हणून मग आत जाते. आणि पहिलं वाक्य तेवढं पक्कं ठेवा, ते नीट निघालं की पुढचं निघतं.

पगाराचा आकडा शक्यतो त्यांना आधी सांगू द्या, नाहीच तर रेंज सांगा जिच्या खालच्या टोकावर तुम्ही खरंच यायला तयार आहात. शेवटी "काही विचारायचंय का?" म्हटल्यावर नाही म्हणू नका, पहिल्या सहा महिन्यांत या माणसाने काय केलं तर तुम्हाला निवड बरोबर वाटेल, असं विचारा, त्या उत्तरावरून ती नोकरी तुम्हाला हवी की नको हेही समजतं. आणि निवडीच्या कुठल्याही टप्प्यावर कोणी पैसे मागितले, डिपॉझिट म्हणा, ट्रेनिंग फी म्हणा, तर तिथून निघा.

त्या तीन नकारांबद्दल, सगळे तुमच्यामुळेच झाले असं धरू नका. कधी आतला माणूस आधीच ठरलेला असतो, कधी पोस्टच रद्द होते आणि ते बाहेर सांगता येत नाही, मी अशा वेळी उमेदवाराला मोघम मेल जाताना बघितलंय आणि मला ते पटत नाही. तरी तिघांनाही एक छोटा मेल टाका, "माझं कुठे चुकलं" असं नाही, "कुठल्या एका गोष्टीवर मी आधी काम करावं" असं विचारा, एवढ्या छोट्या प्रश्नाला उत्तर येण्याची शक्यता जास्त.

आणि आज रात्रीच बसून त्या तीन इंटरव्ह्यूंमधले आठवतील तेवढे प्रश्न लिहून काढा, प्रत्येकासमोर तेव्हा तुम्ही काय म्हणालात आणि त्या जागी तुमचा कुठला प्रसंग सांगता आला असता ते. चौथ्या इंटरव्ह्यूनंतर हेच बाहेर पडल्यावर तासाभरात करा, दुसऱ्या दिवशी निम्मं विसरायला होतं. एखादा प्रसंग लिहून मला पाठवलात तर वाचून सांगेन कुठे लांबतोय आणि कुठे तुमचा वाटा दिसत नाहीये.